विहार आणि ऋण

मॉरिशसच्या उत्तर किनाऱ्यावरील ग्राँ बे येथून सकाळच्या वेळी कॅटमरान जातीच्या शिडाच्या नौका प्रवासी घेऊन निघतात. समुद्रातून पाचरीसारखा वर आलेला क्वाँ द मीरचा कडा बाजूला ठेवून त्या उत्तरेकडे जातात आणि किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या दोन बेटांपाशी थांबतात. मोठ्या बेटाचे नाव इल प्लात, म्हणजे सपाट बेट, धाकटे गॅब्रिएल. दोहोंच्या मधे प्रवाळांनी भरलेला उथळ, निवळशंख पाण्याचा पट्टा आहे. प्रवासी तेथे पोहतात, डोळ्यांवर काच आणि श्वासाला नळी लावून पाण्याखालचे जग न्याहाळतात, नौकेवर भाजलेली मासळी खातात आणि दुपार कलल्यावर परततात.

या दिवसाचा हेतू सुख एवढाच असतो. तो लपवलेला नसतो आणि लपवण्यासारखा नाहीही. तरीही इल प्लात आणि गॅब्रिएल या बेटांमुळे एक जुना धार्मिक प्रश्न उभा राहतो. जेथे माणसे निराधार अवस्थेत मेली, तेथे दुसऱ्या माणसांनी आनंदाने पोहावे का? पोहावे असे उत्तर असेल, तर त्या आनंदाला काही अट आहे का? भारतीय धर्मविचारात या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे मिळतात. त्यांतले सर्वांत टिकाऊ उत्तर 'ऋण' या कल्पनेत आहे.

इल प्लातवर १८५५ साली दीपगृह बांधले गेले. पुढच्याच वर्षाच्या आरंभी 'हैदरी' आणि 'फत्ते मुबारक' ही दोन जहाजे कलकत्त्याहून गिरमिटिया मजूर घेऊन मॉरिशसला आली. जहाजांवर पटकी होती. मजुरांना पोर्ट लुईला उतरू न देता गॅब्रिएल बेटावर ठेवण्यात आले. तेथे निवारा आणि गोडे पाणी यांची धड सोय नव्हती. दोनशेहून अधिक माणसे त्या लहानशा बेटावर मेली. या मृत्यूंचा बोभाटा झाल्यावर भारतातील इंग्रज सरकारने मॉरिशसकडे मजूर पाठवणे काही काळ थांबवले. पुढे इल प्लातवर विलगीकरणाचे ठाणे उभारण्यात आले. त्याच्या पडक्या भिंती आणि दफनभूमीच्या खुणा आजही झाडीत सापडतात. मॉरिशसशी घराण्याचे नाते असलेले फ्रेंच कादंबरीकार ल क्लेझियो यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेली एक कादंबरी याच बेटावरच्या विलगीकरणावर रचली. तिच्यामुळे बेटाचे नाव दूरवर गेले. मेलेल्या मजुरांची नावे मात्र फारशी कोणाच्या तोंडी नाहीत.

ही घटना मोठ्या प्रवाहातला एक भोवरा होती. १८३४ ते १९२० या काळात साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर करारावर मॉरिशसला आले. पोर्ट लुई येथील ज्या घाटावर ते उतरत, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसास्थळ म्हणून नोंदला गेला. बहुसंख्य मजूर बिहार आणि आसपासच्या भोजपुरी मुलखातले होते. दक्षिणेतून तमिळ आणि तेलुगू आले. मुंबई बंदरातून आलेल्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोक होते. मॉरिशसमध्ये आज गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, मूर्तींचे विसर्जन समुद्रात होते आणि कोकणातली जाखडी 'झाकरी' या नावाने तेथे नाचली जाते.

या सर्वांनी जो समुद्र ओलांडला, तो धर्मशास्त्राने निषिद्ध ठरवला होता. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पतित करणाऱ्या कर्मांत केली आहे. त्याच सूत्रात दुसऱ्या ठिकाणी उत्तरेकडील लोकांच्या विशेष आचारांत समुद्रप्रवासाचा उल्लेख येतो. म्हणजे निषेध होता आणि जाणारेही होते. पुढे कलिवर्ज्यांच्या यादीत द्विजांचा समुद्रप्रवास घालण्यात आला आणि 'काळे पाणी' या शब्दाभोवती जातिभ्रष्टतेचे भय साचले. १८८३ साली अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशी यांना बहिष्काराच्या या भयाला बंगालमधल्या श्रीरामपूरच्या जाहीर भाषणात उत्तर द्यावे लागले. गिरमिटिया मजुरांना भाषण करण्याची सोय नव्हती. दुष्काळ, कर्ज आणि दलालाची गोड भाषा यांनी त्यांना बोटीवर चढवले. पाणी ओलांडताना ते जातीबाहेर गेले की नाही, याचा निवाडा करायला पलीकडे कोणी शास्त्री बसलेला नव्हता.

तेथे एक नवे नाते मात्र जन्मले. एकाच जहाजातून आलेले लोक एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणू लागले. हे नाते रक्ताइतके घट्ट मानले जाई. जहाजी भावांच्या मुलांनी आपसांत लग्न करू नये, असाही संकेत काही ठिकाणी पाळला गेला. गोत्र मागे राहिले आणि बोटीने गोत्राची जागा घेतली. ज्या पाण्याने नाती तोडली असे शास्त्र म्हणत होते, त्याच पाण्याने ती जोडली.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. पहिले उत्तर विरक्तीचे आहे. कठोपनिषदात नचिकेत्यासमोर यम श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग ठेवतो आणि नचिकेता प्रेय नाकारतो. या दृष्टीने पाहिले तर सहल हीच प्रेयाची वाट. ती मृतांच्या बेटावर असो की अन्यत्र, शहाण्याने तिकडे वळू नये. हे उत्तर संन्याशाला शोभते. पण गृहस्थाश्रमाला धर्मशास्त्राने हलके मानलेले नाही, आणि वर्षभर कष्ट करून एक दिवस पाण्यावर घालवणाऱ्या कुटुंबाला 'हे पाप आहे' असे सांगण्यात धर्मापेक्षा रुक्षपणा अधिक आहे.

दुसरे उत्तर चार्वाकाचे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रह' या ग्रंथात चार्वाकमत सांगताना श्राद्धावरचा प्रसिद्ध आक्षेप येतो: मेलेल्याला इथे वाढलेले अन्न पोहोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी बांधून देण्याचे कारण काय? घरी पान वाढले की पुरे. या मताने गॅब्रिएल बेटावरच्या मृतांचे आता काहीच देणे उरलेले नाही. वाळू ही वाळू आहे. जो जिवंत आहे त्याने सुख घ्यावे. या युक्तिवादाला धार आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. त्याचा विचार पुढे करावा लागेल.

तिसरे उत्तर या दोहोंच्या मधून जाते. ईशोपनिषदाचा आरंभच त्यागपूर्वक भोगाच्या उपदेशाने होतो. तेथे भोग नाकारलेला नाही. 'हे माझे' ही पकड मात्र सोडायला सांगितली आहे. ही पकड व्यवहारात कशी सोडायची, हे तैत्तिरीय संहितेतील ऋणकल्पनेने स्पष्ट होते. ब्राह्मण जन्मतो तो ऋषी, देव आणि पितर यांचे ऋण घेऊनच, असे तेथे म्हटले आहे. शतपथ ब्राह्मणाने त्यात मनुष्यऋणाची भर घातली. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ, म्हणजे इतर प्राणिमात्रांना दिलेला वाटा, आहेच. या विचारात सुख घेणे हा दोष नाही. ज्याच्यामुळे सुख मिळाले त्याचे देणे न ओळखणे हा दोष आहे. बेटावरच्या दिवसाला हा विचार लावला, तर तीन ऋणे समोर येतात: मृतांचे, पाण्यातल्या जीवांचे आणि सोबतच्या माणसांचे.

पहिले पितृऋण. येथे लगेच शंका येते. १८५६ साली गॅब्रिएलवर मेलेले लोक कलकत्त्याच्या जहाजांतून आलेले होते. आज तेथे पोहणारा प्रवासी पुण्याचा, पॅरिसचा किंवा पोर्ट लुईचा असेल. ते त्याचे पूर्वज असण्याचा संभव थोडा. मग त्यांचे पितृऋण त्याच्यावर कसे? या शंकेचे उत्तर तर्पणविधीतच आहे. तर्पणात आधी देव, मग ऋषी, मग स्वतःचे पितर यांना पाणी दिले जाते. पण विधी तेथे संपत नाही. जे आपले बांधव नव्हते, जे कदाचित दुसऱ्या जन्मी बांधव असतील, ज्यांना पाणी द्यायला कोणी उरलेले नाही, अशांसाठीही ओंजळ सोडली जाते. सर्वांत शेवटी स्नानाचे ओले वस्त्र पिळतात. त्या पिळलेल्या पाण्याचा वाटा कुळात निपुत्रिक मेलेल्यांचा, असा संकेत आहे. ज्याच्या नावाने स्वतंत्र ओंजळ पडत नाही, त्याला निदान वस्त्रातून निथळणारे पाणी मिळावे, इतक्या बारकाईने या विधीने विसरलेल्यांची आठवण ठेवली आहे.

ही बारकाई गॅब्रिएल बेटावर जशीच्या तशी लागू पडते. तेथे मेलेल्यांत अनेकांची घरे समुद्रापलीकडे राहिली होती. त्यांच्यासाठी दहावा-तेरावा कोणी केला नसेल, पिंडाला कावळा शिवण्याची वाट कोणी पाहिली नसेल. मजुरांत मुसलमानही होते, आणि जनाज्याची नमाज सर्वांच्या वाट्याला आली असेल असे मानण्याजोगी ती परिस्थिती नव्हती. कॅथलिक पंथात दोन नोव्हेंबरला सर्व मृतात्म्यांसाठी प्रार्थना होते, तिच्यातही अनामिकांना जागा आहे. मृत्यूनंतरचे पोरकेपण भरून काढावे, ही ओढ कोणा एका धर्माची मालमत्ता नाही. म्हणून बेटावर उतरणाऱ्या माणसाने तेथे काय घडले हे जाणून घेणे, दफनभूमीच्या बाजूला सहलीचा गोंगाट न नेणे आणि क्षणभर थांबणे, हे त्या अनामिक ओंजळीचेच आजचे रूप म्हणता येते.

चार्वाकाचा आक्षेप येथे पुन्हा उभा राहतो: या थांबण्याने मेलेल्यांना काय मिळाले? काही मिळाले असे सिद्ध करता येणार नाही. पण ऋणाचा विचार घेणाऱ्याच्या लाभावर उभा नाही, तो देणाऱ्याच्या स्थितीवर उभा आहे. सावकार मेला म्हणून प्रामाणिक माणूस कर्ज नाकारत नाही. ते कोणाला फेडायचे याचा शोध घेतो. मेलेल्यांना पाणी पोहोचो अथवा न पोहोचो, ज्या समाजाने त्यांना विसरण्याचे नाकारले, तो समाज पुढच्या बोटीतल्या मजुरांना उघड्या बेटावर सोडताना कचरेल. प्रवाशाच्या शिदोरीचा चार्वाकाचा दृष्टांत त्यालाच उलट विचारता येतो. १८५६ साली खऱ्याखुऱ्या प्रवाशांना शिदोरी देण्यात माणसे चुकली होती.

दुसरे ऋण पाण्यातल्या जीवांचे. पाण्यावर पालथे पडून नळीतून श्वास घेऊ लागले की स्वतःचा श्वास कानांत मोठा वाटतो, आणि थोडे स्थिरावल्यावर एक बारीक कुरकुर ऐकू येते. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडत असतो. त्याच्या पोटातून चुरा होऊन बाहेर पडणारा चुना कालांतराने किनाऱ्यावरची पांढरी वाळू होतो. ज्या मऊ वाळूवर प्रवासी अंग टाकतो, तिच्यातले कितीतरी कण एखाद्या माशाने चावून तयार केलेले असतात.

प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो काही मिलिमीटर आकाराच्या असंख्य जीवांची वसाहत असतो. त्या जीवांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते, त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो आणि रंगही बहुतांशी त्यामुळेच येतो. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशानेच, पण काही आठवडे अधिक तापले, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, नाहीतर उपासमारीने मरतो. ढिगासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. अशा जातीचा सुमारे १.७ मीटर उंचीचा ढीग आज दिसला, तर तो रुजला तेव्हा शेजारच्या बेटावर पटकीने माणसे मरत होती, असा हिशेब निघतो. आणि पायाला लावलेल्या पोहण्याच्या पट्टीच्या एका फटकाऱ्याने त्याला जखम होऊ शकते.

पाण्यात वस्तू खऱ्या आकारापेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठी आणि प्रत्यक्षाहून जवळ दिसते. त्यामुळे हात आपोआप पुढे होतो. प्रवाळावर संरक्षक चिकट थर असतो, तो बोटाच्या स्पर्शाने निघतो आणि तेथून रोग शिरू शकतो. ऑक्सिबेन्झोनसारखी रसायने असलेली सनस्क्रीन अंगावरून पाण्यात उतरतात. त्यांचा प्रवाळांना धोका ओळखून पलाऊ देशाने २०२० पासून आणि हवाई राज्याने २०२१ पासून अशा काही सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली. येथे धर्मशास्त्रातला एक जुना संकेत आठवण्याजोगा आहे. पिंपळ आणि समुद्र यांची सेवा करावी, पण त्यांना एरवी स्पर्श करू नये. पिंपळाला शनिवारी आणि समुद्राला पर्वदिवशी शिवावे, असे निबंधग्रंथांत सांगितले आहे. त्यामागचे मूळ कारण काहीही असो, पूज्यता आणि अंतर यांची सांगड त्यात घातलेली आहे. आदर म्हणजे दर वेळी जवळ जाणे नव्हे, हे या संकेताला ठाऊक होते.

भूतयज्ञाचा नेहमीचा अर्थ देणे असा आहे: जेवणाआधी गाईला, कुत्र्याला, कावळ्याला घास काढून ठेवणे. हीच सवय घेऊन काही प्रवासी माशांना पाव टाकतात. मासे झुंडीने येतात, मुले हरखतात, आणि देणाऱ्याला पुण्य केल्यासारखे वाटते. पण पावाला चटावलेले मासे शेवाळ चरायचे सोडतात, आणि न चरलेले शेवाळ प्रवाळाला झाकून टाकते. इथे द्यायचा घास म्हणजे हात आवरणे. जैन विचाराने हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात, शोधले. तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येत प्रमाद हा शब्द आधी येतो आणि प्राणहरण नंतर. उथळ पाण्यात उभे राहण्यासाठी पाय टेकताना खाली काय आहे हे पाहणे, एवढ्या लहान कृतीत ती व्याख्या पुरी उतरते. कोकणातले कोळी श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच मासेमारीच्या नव्या हंगामाला लागतात. वापराआधी विनंती, हा त्या नारळाचा अर्थ आहे.

तिसरे मनुष्यऋण. कॅटमरान हे नाव तमिळमधील 'कट्टुमरम्' या शब्दापासून आले. कट्टु म्हणजे बांधणे, मरम् म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे मच्छीमार ओंडके एकत्र बांधून जो तराफा समुद्रात घालत, त्याचे हे नाव. आजच्या नौकेचे दोन अरुंद तळ आणि त्यांना जोडणारा मंच ही रचना पॉलिनेशियातल्या जोडहोड्यांच्या जातीची आहे. एका समुद्राच्या गरीब कोळ्यांनी नाव दिले, दुसऱ्या समुद्राच्या नावाड्यांनी घडण दिली. पुढच्या बाजूला ताणलेल्या जाळीवर पालथे पडून खालून धावणारे निळे पाणी पाहणारा प्रवासी दोघांचाही देणेकरी असतो.

परतीच्या वाटेवर नौकेवर बहुधा सेगा वाजतो. सेगा हे गुलामांचे संगीत. आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या माणसांनी ऊसमळ्यांच्या दिवसांत ते घडवले. बोकडाच्या कातड्याचा राव्हान हे त्याचे मुख्य तालवाद्य. मॉरिशसमध्ये गुलामगिरी १८३५ साली संपली आणि तिच्या जागी मळ्यांवर भारतीय मजूर आले. पारंपरिक सेगाची नोंद २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. ज्या तालावर प्रवासी हातात पेला घेऊन नाचतात, तो साखळदंडांच्या काळात श्वास घेता यावा म्हणून जन्मला. तो आनंदाने ऐकावा. त्याचे जनक आनंदासाठीच तो वाजवत होते. पण तो कोणाचा आहे हे ठाऊक असावे. विस्तवाशी उभा राहून मासळी भाजणारा आणि सर्वांच्या आधी उठून शिडे बांधणारा खलाशी याच मातीतला असतो. त्याला नावाने हाक मारणे आणि त्याच्या कष्टाचे योग्य मोल देणे हा मनुष्यऋणाचा रोजचा हप्ता आहे.

शेवटची शंका अशी की इतके ओझे घेऊन गेल्यावर सुख उरेल का? महाराष्ट्रातल्या घरांत या शंकेचे उत्तर दर पितृपक्षात मिळते. श्राद्धाच्या दिवशी खीर होते, वडे होतात, आप्त जमतात, गेलेल्या माणसाच्या आवडीनिवडींच्या गोष्टी निघतात आणि मग सगळे पोटभर जेवतात. आठवण आणि जेवण एकाच पंगतीला बसतात. एकाने दुसऱ्याची चव बिघडत नाही. मॉरिशसनेही हे आपल्या भूमीवर करून दाखवले आहे. डोंगरातल्या एका ज्वालामुखीच्या तळ्याला मजुरांच्या वंशजांनी गंगेशी जोडले, १९७२ साली त्यात गंगाजल ओतले, आणि आज गंगातलावाकडे महाशिवरात्रीला कावड घेऊन लाखो लोक पायी जातात. भूगोलाने त्या तळ्याला पावित्र्य दिलेले नव्हते. चालून आलेल्या पायांनी ते दिले. तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ उतार, पाण्याच्या पलीकडे जाण्याची जागा. त्या अर्थाने इल प्लात आणि गॅब्रिएल ही दोन बेटे पलीकडे जाऊ न शकलेल्यांची तीर्थे आहेत.

तेथे पोहण्याला धर्माचा विरोध नाही. पोहणाऱ्याने ऋण ओळखावे एवढीच त्याची अपेक्षा आहे. मराठीत देण्याघेण्याच्या जन्मोजन्मीच्या नात्याला ऋणानुबंध म्हणतात. ऋण आणि बंधन त्या एका शब्दात एकत्र गुंफलेली आहेत, जशी कट्टुमरममध्ये लाकडे. दुपारी नौकेवर परतलेला माणूस अंगावरचे ओले कपडे कठड्याबाहेर धरून पिळतो. ते पाणी पुन्हा त्याच समुद्रात पडते, जेथे कोणाचे तर्पण झाले नव्हते. हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हातून तेवढ्यानेही एक ओंजळ सुटते.